तक्रार हातात आली की: अंतर्गत समितीतल्या बाहेरच्या सदस्याचं काम

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या टेबलाशी एक खुर्ची संस्थेबाहेरच्या माणसाची असते. आम्ही त्या खुर्चीवर बसतो. कधी कारखान्यात, कधी बँकेत, कधी महाविद्यालयात. ही खुर्ची आली कुठून, हे पहिल्याच बैठकीत आम्ही मुद्दाम सांगतो. ते ठाऊक नसलं की समितीतले बाकीचे सदस्य आम्हाला पाहुणे समजतात आणि चौकशी एचआरच्या कलाने चालू लागते.

१३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'विशाखा विरुद्ध राजस्थान राज्य' या प्रकरणात निकाल दिला. सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. किरपाल असं तिघांचं पीठ होतं. निकाल वर्मांनी लिहिला, तो तिघांचा एकमताचा आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार ऐकायला प्रत्येक ठिकाणी समिती हवी, तिची प्रमुख स्त्री हवी, निदान निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात आणि वरिष्ठांचा दबाव येऊ नये म्हणून स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संघटनेची किंवा या विषयाची जाण असलेली त्रयस्थ व्यक्ती तीत हवी, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आमची खुर्ची त्या ओळीतून आली. दबाव थोपवणं हेच तिचं काम आहे.

सुजाता मनोहर त्या पीठावर होत्या, याला वजन आहे. त्या मूळच्या मुंबई उच्च न्यायालयातल्या वकील. १९७८ मध्ये त्याच न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या आणि १९९४ मध्ये तिथल्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती. मग केरळच्या मुख्य न्यायमूर्ती होऊन त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिथल्या पहिल्या महिला न्यायाधीश फातिमा बीवी १९९२ मध्ये निवृत्त झाल्यानंतर तिथे एकही स्त्री न्यायाधीश नव्हती. मनोहर आल्या आणि १९९९ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या न्यायालयात त्या एकट्याच होत्या. म्हणजे विशाखाचा निकाल लागला त्या दिवशी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात एकच बाई न्यायासनावर होती आणि ती या पीठावर होती.

त्याआधी दोन वर्षं, मे १९९५ मध्ये, त्यांनी 'आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध पी. बी. विजयकुमार' हा निकाल लिहिला. सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांना ३० टक्के जागांवर प्राधान्य देणारा आंध्रचा नियम उच्च न्यायालयाने रद्द केला होता, तो मनोहरांनी टिकवला. स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याचा राज्याचा अधिकार संविधानाच्या कलम १५(३) मध्ये आहे आणि त्यात नोकऱ्यांमधलं आरक्षणही येतं, असं त्या निकालाचं म्हणणं. आमच्या मते हे दोन निकाल जोडीने वाचायला हवेत. विजयकुमार निकालाने बाईला नोकरीच्या दारापर्यंत आणलं. आत आल्यावर ती नोकरी तिला करता यावी, याची सोय विशाखाने केली.

विशाखाची पार्श्वभूमी भंवरी देवींची. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवी सरकारी महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती म्हणून काम करत होत्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून सोडलं. सर्वोच्च न्यायालयातली याचिका मात्र त्या एका खटल्यापुरती नव्हती. नोकरीचं काम करताना बाईवर असा प्रसंग येतो तेव्हा मालकाची काहीच जबाबदारी नाही का, हा प्रश्न तिच्यात होता. कायदा नव्हता, म्हणून न्यायालयाने संविधानाची कलमं १४, १५, १९(१)(जी) आणि २१ आणि भारताने १९९३ मध्ये मान्य केलेला स्त्रियांविषयीच्या भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार यांच्या आधारे मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. संसद कायदा करेपर्यंत हाच कायदा, असं सांगितलं. संसदेचा कायदा आला २०१३ मध्ये आणि ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. मधल्या सोळा वर्षांत बऱ्याच ठिकाणी समिती कागदावरसुद्धा नव्हती. ती बनवून घेण्यासाठी पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांच्या पत्रावरून वेगळं प्रकरण चाललं. समितीचा अहवाल हाच विभागीय चौकशीचा अहवाल मानायचा, बाईला तीच कहाणी दुसऱ्या चौकशी अधिकाऱ्यापुढे पुन्हा सांगायला लावायची नाही, हे त्या प्रकरणातून पक्कं झालं.

आता प्रत्यक्ष काम. तक्रार आमच्यापर्यंत पोचते तेव्हा पहिला कागद आम्ही मागतो तो समिती नेमल्याच्या आदेशाचा. त्यात सदस्यांची नावं, हुद्दे आणि तारीख बघायची. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. ती उलटून गेलेली असली आणि कुणाच्या लक्षातही आलेलं नसलं, तर त्या समितीने केलेली चौकशी पुढे पहिल्याच आक्षेपात अडकते. प्रमुख स्त्री वरिष्ठ पदावरची हवी. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्या हाताखालची बाई प्रमुख असेल, तर तिने नियमाप्रमाणे सगळं केलं तरी तिला कुणी मोकळेपणाने सही करू देणार नाही. बाहेरची सदस्य म्हणून कंपनीचा नेहमीचा वकील किंवा सल्लागार बसवलेला असतो, तेही आम्ही तिथेच हरकतीला घेतो. शाखा वेगळ्या गावात असेल तर तिथली समिती वेगळी लागते. मुख्य कार्यालयातली एकच समिती राज्यभराला पुरत नाही. बाहेरच्या सदस्याचा भत्ता नियमात दिवसाला २०० रुपये आणि प्रवासखर्च इतकाच ठरवला आहे. ही रक्कम कुणाच्या उपजीविकेची नाही आणि ते चांगलंच आहे.

सगळ्यात जास्त वेळ तक्रारीच्या लेखनाला द्यावा. पुढचं सगळं त्यावर उभं असतं. बाई बहुतेकदा एका परिच्छेदात सगळं लिहून आणते: सर मला त्रास देतात, अश्लील बोलतात, नीट वागत नाहीत. तिच्या दृष्टीने हे पुरेसं असतं, कारण तिला सगळं आठवत असतं. समितीला यातून काही तपासता येत नाही. आम्ही तिला सांगतो की प्रत्येक प्रसंगाला वेगळा परिच्छेद कर. तारीख लिही. तारीख आठवत नसेल तर 'गणपतीच्या सुट्टीच्या आदल्या शुक्रवारी', 'मार्चअखेरच्या कामात' असं लिही. तोही पुरावाच असतो आणि हजेरीपटाशी ताडून बघता येतो. जागा लिही. तिथे कोण होतं, कोण बाहेर बसलं होतं, तू नंतर लगेच कुणाला सांगितलंस, कुणाला मेसेज केलास, हे लिही. आणि तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत लिही.

या शेवटच्या गोष्टीला बायका अडखळतात. 'ते वाक्य मी कसं लिहू?' असं विचारतात. अशा वेळी समितीतल्या एखाद्या स्त्री सदस्याने शेजारी बसून लिहून घ्यावं. लेखी तक्रार करता येत नसेल तर ती करायला मदत करणं हे कायद्यानेच समितीवर टाकलेलं काम आहे. 'आज साडी नाही नेसलीस, मग आमचं कामात लक्ष कसं लागायचं' या धाटणीचं वाक्य जसंच्या तसं कागदावर आलं की बोलणाऱ्याचा हुद्दा, ऐकणारीची जागा आणि त्यातला रोख, तिन्ही दिसतात. तेच एचआरने इंग्रजीत 'अयोग्य शेरा' म्हणून टाइप केलं की त्यात तपासण्यासारखं काही उरत नाही आणि प्रतिवादी, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, म्हणतो, मी तर कौतुक केलं होतं. म्हणून मराठीत दिलेली तक्रार आणि मराठीत दिलेला जबाब देवनागरीतच नोंदवायचा. वरच्या कार्यालयाला इंग्रजी लागत असेल तर भाषांतर सोबत जोडा. सही मात्र मूळ मराठी कागदावर घ्या.

तक्रारीच्या सहा प्रती लागतात. सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. सहाही प्रतींवर सही घ्या, पहिल्या पानावर आवक क्रमांक आणि तारीख घाला आणि बाईला तिथल्या तिथे पोच द्या. पुढच्या मुदतींची मोजणी या तारखेपासून सुरू होते. पोच दिली नाही तर दोन महिन्यांनी 'तक्रार कधी आली' यावरच वाद सुरू होतो.

मुदत हा स्वतंत्र विषय आहे आणि इथे बायकांचं फार नुकसान होतं. प्रसंगापासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची, प्रसंग एकामागून एक झाले असतील तर शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने. समितीला वाटलं की बाईला या काळात तक्रार देणं शक्य नव्हतं, तर ती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते, पण कारणं लेखी नोंदवूनच. प्रोबेशन संपायची वाट बघणं, वार्षिक मूल्यमापन त्याच माणसाच्या हातात असणं, घरून नोकरी सोडायला लावतील ही भीती, आजारपण: उशीर याच गोष्टींनी होतो. म्हणून पहिली तारीख सहा महिन्यांपूर्वीची असली तरी घाबरून जाऊ नका. शेवटचा प्रसंग कुठला, ते शोधा. नंतर मुद्दाम कमी दिलेला शेरा, रजा नाकारणं, सगळ्यांसमोर टोमणे, हे त्याच साखळीत येतं का ते पाहा आणि येत असेल तर ते तक्रारीत लिहा. मुदतवाढीची विनंती तक्रारीतच एका परिच्छेदात करा. समितीने त्यावर वेगळा, कारणांसह ठराव करावा. 'मुदत माफ केली' एवढंच रोजनाम्यात, म्हणजे कामकाजाच्या नोंदवहीत, लिहिलं तर ते टिकत नाही. पोलिसांकडे फिर्याद देण्याचा रस्ता वेगळा आहे आणि बाईला तिकडे जायचं असेल तर मदत करणं मालकावर बंधनकारक आहे. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, हे तिला पहिल्याच दिवशी सांगावं.

तक्रार आली त्याच दिवशी आणखी एक पत्र जायला हवं, प्रशासनाला: सीसीटीव्हीचं चित्रण, कार्ड लावून आत-बाहेर गेल्याच्या नोंदी, ईमेल, कंपनीच्या गाडीच्या फेऱ्यांची नोंद जपून ठेवा. सीसीटीव्हीचं चित्रण काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं. रीतसर नोटीस निघून उत्तर येईपर्यंत थांबलात तर कॉरिडॉरमधला तो एकमेव पुरावा गेलेला असतो. बाईला सांगायचं की व्हॉट्सॲपवरचं काहीही डिलीट करू नकोस, तू स्वतः रागाने दिलेली उत्तरंसुद्धा. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे आणि मूळ फोन जपायचा. निवडक मेसेज दिले की उरलेले प्रतिवादी दाखवतो आणि समितीचा विश्वास नाहक ढळतो.

सात कामाच्या दिवसांत तक्रारीची प्रत प्रतिवादीला जाते, सगळ्या जोडपत्रांसह. त्याला उत्तराला दहा कामाचे दिवस. पूर्ण चौकशी ९० दिवसांत संपवायची. आम्ही पहिल्या बैठकीतच कॅलेंडर पुढे घेऊन तारखा मांडतो. उत्तर येईपर्यंत तीनेक आठवडे जातात. त्यानंतरचे चार-पाच आठवडे जबाब आणि उलटतपासणीला. मग निष्कर्ष लिहायला आणि दोन्ही बाजूंचं त्यावरचं म्हणणं घ्यायला निदान तीन आठवडे राखायचे. सणांच्या सुट्ट्या, ऑडिट, महाविद्यालयात परीक्षा, हे सगळं आधीच धरायचं. बैठकीला प्रमुखासह किमान तीन सदस्य लागतात. दोघांनी उरकलेला जबाब पुन्हा घ्यावा लागतो.

नोटीस देण्याआधी बाईला अंतरिम मदतीविषयी विचारावं. ती लेखी मागू शकते: स्वतःची किंवा त्याची बदली, हक्काच्या रजेखेरीज तीन महिन्यांपर्यंत रजा, तिचा गोपनीय अहवाल त्याच्याकडून काढून दुसऱ्याकडे देणं. व्यवस्थापनाला सोपं पडतं ते तिला हलवणं. मग ती मागच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, कमी महत्त्वाच्या कामावर जाते आणि ऑफिसात सगळ्यांना निकाल आधीच लागल्यासारखा वाटतो. बदली तिला हवी असेल तरच तिची करा. एरवी त्याची. आणि गोपनीय अहवालाचा मुद्दा तर तिने मागितला नाही तरी तिच्या कानावर घाला. मूल्यमापनाचे महिने जवळ असतील तर तो फार मोलाचा असतो.

'मिटवून टाका ना' हे वाक्य प्रत्येक संस्थेत ऐकू येतं. कायद्यात सलोख्याची सोय आहे, पण ती फक्त बाईने स्वतः मागितली तरच, चौकशी सुरू होण्यापूर्वी, आणि पैसे हा त्या सलोख्याचा आधार असू शकत नाही. कुणी तिला बाजूला घेऊन समजावलं असेल तर ते रोजनाम्यात नोंदवा. सलोखा झालाच तर अटी लिहून दोघांना प्रती द्या. अट मोडली तर चौकशी सुरू होते.

सुनावणीच्या दिवसाची व्यवस्था हा बारकाईचा भाग. दोघांना वेगळ्या वेळा द्यायच्या, निदान पाऊण तासाच्या फरकाने, आणि वेगळ्या खोल्यांत बसवायचं. लिफ्टपाशी, चहाच्या मशीनपाशी गाठ पडणार नाही हे एका सदस्याने बघायचं. खोलीच्या दाराला काच असेल तर तिची खुर्ची दाराकडे पाठ करून ठेवायची, नाहीतर बाहेरून जाणारा प्रत्येक जण आत डोकावतो. टायपिंगला प्रतिवादीच्या विभागातला माणूस नको. वकील कुणालाच आणता येत नाही, दोघांनाही. जबाब झाला की तो मोठ्याने वाचून दाखवायचा, बदल हाताने करून त्याशेजारी सही घ्यायची, प्रत्येक पानावर सही घ्यायची आणि प्रत त्याच दिवशी द्यायची. 'नंतर टाइप करून पाठवतो' म्हणून कधीच उठू नये. रात्री घरी आठवून लिहिलेल्या जबाबावर सही करायला कुणीही नकार देईल आणि तो बरोबरच असेल.

उलटतपासणीला अनेक समित्या घाबरतात. बाईला त्रास होईल म्हणून ती टाळतात. त्यांचा हेतू आम्हाला समजतो, पण यानेच तक्रारदार स्त्रीचं सगळ्यात मोठं नुकसान होतं. गोव्याचं प्रकरण इथे सविस्तर सांगायला हवं. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींच्या तक्रारी आल्या. समितीने मे महिन्यात बैठकांवर बैठका लावल्या, एकापाठोपाठ एक, अगदी थोड्या दिवसांच्या अंतराने. प्रतिवादीने मागितलेली मुदत नाकारली आणि अहवाल दिला. त्यावरून त्याची नोकरी गेली. उच्च न्यायालयात निकाल त्याच्याविरुद्ध लागला. पण १२ मे २०२३ रोजी 'ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द केली आणि चौकशी पुरेशी संधी देऊन पुन्हा करा म्हणून प्रकरण समितीकडे परत पाठवलं. तक्रारी खोट्या आहेत असं न्यायालय म्हणालं नाही. समितीने केलेल्या घाईमुळे चौकशी न्याय्य राहिली नाही, असं म्हणालं. म्हणजे ज्या मुलींनी २००९ मध्ये धीर करून तोंड उघडलं, त्यांचं प्रकरण चौदा वर्षांनी पुन्हा चौकशीच्या टप्प्यावर आलं. हा निकालही एका स्त्री न्यायाधीशाने लिहिलेला आहे, न्या. हिमा कोहलींनी. त्याच निकालात त्यांनी देशभरच्या सरकारी कार्यालयांत, विद्यापीठांत आणि व्यावसायिक संस्थांत समित्या खरोखर नेमल्या आहेत का, याची पडताळणी करायला लावली. दोन्ही गोष्टी एकाच निकालात आहेत. प्रतिवादीला संधी नाकारली की शेवटी भोगावं तक्रारदारालाच लागतं, हे त्यातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुठल्याही प्रशिक्षणातून दिसत नाही.

म्हणून उलटतपासणी होऊ द्या, पण समितीमार्फत. प्रतिवादीने प्रश्न लेखी द्यायचे, प्रमुखाने ते बाईला विचारायचे, उत्तर लिहून घ्यायचं. त्याला पडद्याआड किंवा दुसऱ्या खोलीत बसवता येतं. तिच्या कपड्यांवर, आधीच्या मैत्रीवर, ती रात्री उशिरा का थांबत होती यावर प्रश्न येतातच. ते विचारू नका, पण फाडूनही टाकू नका. प्रश्न रोजनाम्यात उतरवायचा आणि खाली एका ओळीत लिहायचं की तक्रारीशी संबंध नाही म्हणून नाकारला. हे केलं की पुढे अपिलात 'मला प्रश्नच विचारू दिले नाहीत' याला उत्तर तयार असतं. तो किंवा ती सलग तीन तारखांना कारण न देता गैरहजर राहिली तर एकतर्फी निर्णय घेता येतो किंवा चौकशी थांबवता येते, पण त्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते.

पुराव्याचं माप फौजदारी खटल्याइतकं कडक नाही. दोन्ही बाजू तोलून जे घडलं असण्याची शक्यता जास्त, ते सिद्ध मानायचं. प्रत्यक्ष बघणारा साक्षीदार बहुतेक प्रकरणांत नसतो, आणि तो नाही म्हणून तक्रार पडत नाही. तिने त्याच संध्याकाळी मैत्रिणीला केलेला फोन, दुसऱ्या दिवशीची अचानक रजा, आधी चांगले शेरे आणि नकारानंतर घसरलेले, बदलीसाठी दिलेला कारण न सांगणारा अर्ज, हे एकत्र मांडायचं. 'ती त्यानंतरही हसून बोलत होती' हा बचाव हमखास येतो. वरिष्ठाशी रोज काम असलेली बाई दुसरं काय करणार, याचा विचार समितीने करून तो अहवालात लिहावा.

अहवाल लिहिताना आरोप एकेक करून घ्यायचा: काय म्हटलं, कशाने पुष्टी मिळाली, प्रतिवादी काय म्हणाला, आम्हाला कुणाचं का पटलं, सिद्ध की नाही. सगळे आरोप एका गठ्ठ्यात 'सिद्ध' म्हणू नका. पाचांतले तीन सिद्ध झाले तर तीन लिहा. त्याने अहवालाची पत वाढते. मग एक पायरी आहे जी बहुतेक समित्या गाळतात: दोघेही त्याच संस्थेचे कर्मचारी असतील तर निष्कर्षांची प्रत दोघांना द्यायची आणि त्यावरचं म्हणणं समितीने ऐकायचं. हे झाल्यावरच अंतिम शिफारस. चौकशी संपल्यापासून दहा दिवसांत अहवाल मालकाकडे, आणि मालकाने साठ दिवसांत अंमलबजावणी करायची. शिफारशीत लेखी माफीपासून वेतनवाढ, बढती रोखण्यापर्यंत आणि नोकरीवरून काढण्यापर्यंत पर्याय आहेत. पगारातून कापून बाईला भरपाई देता येते. ती ठरवताना मानसिक त्रास, गेलेली संधी, औषधोपचाराचा खर्च आणि त्याची मिळकत धरायची, म्हणून दवाखान्याची बिलं तिच्याकडून सुरुवातीलाच मागून ठेवा.

तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही. नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून बाईवर कारवाई करता येत नाही, हे कायद्यात लिहिलेलं आहे. खोटेपणाचा हेतू वेगळ्या चौकशीतून दाखवावा लागतो. काही ठिकाणी तक्रार घेतानाच खोट्या तक्रारीच्या शिक्षेचं कलम वाचून दाखवतात. तो धमकीचाच प्रकार आहे आणि आम्ही तो थांबवतो.

नावं, पत्ते, जबाब, शिफारस, काहीही बाहेर जाता कामा नये. गुप्तता मोडली तर ५००० रुपये दंड आहे. फाइल सीलबंद, प्रमुखाच्या कुलपात. समितीचा म्हणून ऑफिसच्या ग्रुपवर काहीही टाकायचं नाही, अगदी बैठकीची वेळसुद्धा.

हे सगळं दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथलं. घरकाम करणाऱ्या बायका, छोट्या दुकानातल्या, डॉक्टरच्या खाजगी दवाखान्यातल्या, आणि जिथे तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे तिथल्या बायका यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारी घेण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, तक्रार दिली तर त्याने सात दिवसांत ती समितीकडे पाठवायची. घरकामगाराच्या बाबतीत सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांत प्रकरण पोलिसांकडे द्यायचं. ही बाजू आजही सगळ्यात दुबळी आहे. म्हणूनच त्याच गोव्याच्या प्रकरणात ३ डिसेंबर २०२४ रोजी न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. एन. कोटीश्वर सिंग यांच्या पीठाने जिल्हा अधिकारी (या कायद्याचं जिल्ह्यातलं काम बघणारा) ३१ डिसेंबरपर्यंत आणि स्थानिक समित्या ३१ जानेवारी २०२५ पर्यंत नेमायला सांगितलं. आपल्या जिल्ह्यातली समिती कोण, बैठका कुठे होतात, तालुक्याचा नोडल अधिकारी कोण, हे जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा आणि उत्तर घरकामगार संघटनांच्या फलकावर लावा. तोंडी विचारलं तर एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवतात.

अपिलाची मुदत शिफारशीपासून ९० दिवस, दोन्ही बाजूंना. सेवानियमांत सांगितलेल्या न्यायालयापुढे किंवा न्यायाधिकरणापुढे, तसे नियम नसतील तर सरकारने अधिसूचित केलेल्या अपील अधिकाऱ्यापुढे. मालकाने साठ दिवसांत काही केलं नाही हेही अपिलाचं कारण आहे. अहवाल देऊन आमचं काम संपतं असं अनेकांना वाटतं, पण साठावा दिवस आमच्या कॅलेंडरवर आधीच लिहिलेला असतो. त्या दिवशी आम्ही मालकाला एकच पत्र पाठवतो: कोणती शिफारस, कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेला अमलात आली ते कळवा. त्याची प्रत तक्रारदाराला देतो. अपील करायचं ठरवलं तर तिला तोच पहिला कागद लागतो.